लोहचुंबक दूर ठेवा! पण नक्की कशापासून?

 

गेल्या आठवड्यात सांगलीहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. त्याला जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची आहे. त्यासाठी त्याने ऑनलाइन स्क्रू ड्रायव्हरचा सेट मागवला. सेट घरी आला, टोकाला स्क्रू चटकन चिकटतोय हे वडिलांनी पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हे मॅग्नेटवालं आहे. कॉम्प्युटरच्या आत घालू नकोस, सगळा डेटा उडेल." तर पोरगा विचारतोय, दादा, खरं काय?

उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे ज्याला घाई आहे तो लगेच कामाला लागेल. बिनधास्त वापर. त्या टोकाच्या चुंबकाने ना तुझी हार्ड डिस्क पुसली जाणार, ना एसएसडी, ना रॅम.

पण वडिलांना हसू नकोस. ते ज्या काळात कॉम्प्युटर शिकले, त्या काळात ही भीती अगदी खरी होती. आणि आजही ती पूर्ण खोटी नाही, फक्त तिचा पत्ता बदललाय. आजचा भाग त्या बदललेल्या पत्त्याबद्दल.

सुरुवात कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून करू. आणि सुरुवात आपल्या मुंबईतच होते, कुलाब्यात.

कुलाब्याला इंग्रजांच्या काळात एक वेधशाळा होती. तिथे १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घ्यायचे. पृथ्वी हे एक मोठं पण फार दुबळं चुंबक आहे. चुंबकाचा जोर मोजायला गॉस नावाचं एकक आहे, कार्ल फ्रीडरिख गॉस या जर्मन गणितज्ञाच्या नावावरून आलेलं. पृथ्वीचा जोर आपल्याकडे अर्ध्या गॉसपेक्षाही कमी भरतो. फ्रिजवर चिकटवतो ते चुंबक अगदी जवळून मोजलं तर पन्नास ते शंभर गॉस. हे आकडे लक्षात ठेवा, शेवटपर्यंत लागणार आहेत.

सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावर मोठा स्फोट झाला आणि पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं. अमेरिकेत तारयंत्रांमधून ठिणग्या उडाल्या. बोस्टन आणि पोर्टलंडमधल्या तारबाबूंनी बॅटऱ्या काढून टाकल्या, तरी नुसत्या त्या वादळाच्या विजेवर तारा जात राहिल्या. त्या वादळाची एक फार मोलाची नोंद कुलाब्याच्या वहीत सापडते. तिथे चुंबकत्व किती घसरलं? सुमारे १६०० नॅनोटेस्ला. आपल्या भाषेत ०.०१६ गॉस. फ्रिजच्या चुंबकापुढे काहीच नाही! तरी त्या वेधशाळेच्या दृष्टीने ती प्रलयासारखी गोष्ट होती, कारण त्यांची उपकरणं याच्याही कितीतरी बारीक फरक पकडायची.

आता विचार करा, अशा खोलीत कुणी लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घेऊन शिरला तर? किंवा खिशात किल्ल्यांचा जुडगा असला तर? सगळी नोंद वाया. चुंबकी हत्यार चालणार नाही हा नियम शंभर टक्के खरा असलेली जागा बघायची, तर ती ही.

मग मुंबईत घोड्यांच्या ट्राम काढून विजेच्या ट्राम आणायचं ठरायला लागलं. ट्रामच्या विजेचा प्रवाह जमिनीतून वाहणार आणि त्याचं चुंबकत्व वेधशाळेच्या काट्यांना नाचवणार. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई मूस. त्यांच्या काळात चुंबकीय नोंदींचं काम समुद्रापलीकडे अलिबागला हलवलं, १९०४ मध्ये. तिथली इमारत बांधताना लोखंड टाळलं, चुंबकाला दाद न देणारंच सामान वापरलं. काही काळ कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे नोंदी घेतल्या, म्हणजे जुना आणि नवा हिशेब जुळावा. मुंबईत विजेची ट्राम प्रत्यक्ष धावली १९०७ मध्ये. म्हणजे ट्राम यायच्या आधीच वेधशाळा तिच्या वाटेतून बाजूला झाली होती. मला ही गोष्ट फार आवडते. एखाद्या सरकारी कामात इतका पुढचा विचार झालेला आपण किती वेळा ऐकतो? अलिबागची वेधशाळा आजही सुरू आहे. पुढच्या वेळी किनाऱ्यावर गेलात की आठवण ठेवा.

वेधशाळेसारखी दुसरी जागा म्हणजे घड्याळजीचं दुकान. चावीच्या घड्याळात केसासारखी बारीक स्प्रिंग असते. तिला चुंबकत्व लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे पळतं. म्हणून घड्याळजीकडे चुंबकत्व उतरवायचं छोटं यंत्र असतं. एचएमटीचं घड्याळ आजोबांकडून मिळालं असेल आणि ते रोज काही मिनिटं पुढे जात असेल, तर ते स्पीकरवर ठेवता का ते आधी बघा.

आता येऊ डेटाकडे.

चुंबकावर आवाज साठवता येईल ही कल्पना ओबर्लिन स्मिथ या अमेरिकन इंजिनिअरने १८८८ मध्ये एका मासिकात छापली. प्रत्यक्ष यंत्र बनवलं डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पोल्सनने. त्याने १८९८ मध्ये पेटंट घेतलं. त्याचं यंत्र पोलादी तारेवर आवाज टिपायचं. १९०० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ऑस्ट्रियाच्या सम्राट फ्रांत्स योझेफचा आवाज त्यावर टिपला, आणि तो आजही शिल्लक आहे. बघा, शंभरहून जास्त वर्षं तारेवर चुंबकत्व टिकलं. कुणी न पुसता आपोआप पुसलं जाणारी ही चीज नाही.

१९२८ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमरने कागदी पट्टीवर लोखंडाच्या भस्माचा लेप दिला आणि टेप जन्माला आली. १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली. आणि इथून आपल्याकडची मेकॅनिक मंडळी गोष्टीत शिरतात.

टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या माणसाला विचारा. कॅसेटची पट्टी ज्या हेडवरून घासत जाते, त्या हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो. आवाज दबका येत असेल तर तो फिरवून हेडचा कोन नीट करायचा, आणि तोही गाणं चालू असताना, कान लावून. त्या वेळी हातातला स्क्रू ड्रायव्हर चुंबकी असला आणि हेडला टेकला, तर हेडमध्ये थोडं चुंबकत्व उतरायचं. मग पुढे त्या यंत्रात घातलेल्या प्रत्येक कॅसेटमध्ये खरखर वाढायची आणि वरच्या पट्टीतले सूर हळूहळू मरायचे. आता तुमच्याकडे लग्नाची कॅसेट एकच आहे, आणि ती अशा यंत्रात वाजतेय. नुकसान खरंच व्हायचं, आणि कुणाच्या लक्षातही यायचं नाही! म्हणून चांगला मेकॅनिक हेडजवळ चुंबकी टोक येऊ द्यायचा नाही. रेडिओच्या कॉइल जुळवताना तर तो प्लास्टिकची काडी वापरायचा. तिथे धातूच नको, कारण धातू जवळ आला की जुळणीच हलते.

म्हणजे "चुंबकी स्क्रू ड्रायव्हर नको" हा नियम टेपरेकॉर्डरच्या टेबलावर आधीच होता. कॉम्प्युटर आला, तेव्हा तोच माणूस, तेच टेबल, तोच नियम. नियम कॉम्प्युटरसोबत पुढे गेला.

आणि सुरुवातीचे कॉम्प्युटर चुंबकावरच तर चालायचे. १९५० च्या दशकात मेमरी म्हणजे फेराइटच्या मोहरीएवढ्या कड्या. कडी एका दिशेने चुंबकली की शून्य, उलट दिशेने चुंबकली की एक. त्या कड्यांतून हाताने तारा ओवायच्या, आणि हे काम बहुतेक ठिकाणी बायका करायच्या, गजरा ओवावा तसं. आपल्या मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली जो कॉम्प्युटर बनला, त्याची मेमरी अशीच होती. १९६० मध्ये तो काम करायला लागला, १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं टिफ्रॅक. मेमरी किती? २०४८ शब्द, एकेक शब्द ४० बिटचा. गुणाकार करा, ८१,९२० बिट. म्हणजे जवळपास ८२ हजार कड्या आणि एकूण १० केबी. तुमच्या फोनमधल्या एका साध्या फोटोपुढे हे काहीच नाही. गंमत म्हणजे टाटा इन्स्टिट्यूटही कुलाब्यातच. ज्या कुलाब्यातून चुंबकत्वाच्या नोंदी ट्रामला घाबरून अलिबागला गेल्या, तिथेच साठ वर्षांच्या आत चुंबकाच्या कड्यांत आकडे साठवायला लागले.

हार्ड डिस्क आली १९५६ मध्ये. आयबीएमची. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास थाळ्या, वजन एक टनाच्या पुढे, आणि मावायची पन्नास लाख अक्षरं. पण घराघरातल्या भीतीचं कारण हार्ड डिस्क नव्हती. कारण होतं फ्लॉपी.

फ्लॉपी तुम्ही बहुतेकांनी फक्त सेव्ह बटणाच्या चित्रात पाहिली असेल. आयबीएमने १९७१ मध्ये पहिली आणली, आठ इंचाची. १९७६ मध्ये सव्वापाच इंची आली. नंतर साडेतीन इंची, टणक प्लास्टिकची, १.४४ एमबीवाली. सव्वापाच इंचीच्या पाकिटावर छोटी चित्रं छापलेली असायची: वाकवू नका, बोट लावू नका, उन्हात ठेवू नका, आणि एक नालेच्या आकाराचं लोहचुंबक, त्यावर फुली. नव्वदच्या दशकात आपल्या कॉम्प्युटर क्लासला चपला बाहेर काढून जायचं, एसीत बसायचं आणि त्या पाकिटावरची चित्रं पाठ करायची. परीक्षेत प्रश्नच यायचा.

ही भीती कितपत खरी होती ते समजायला एक गोष्ट लागते. प्रत्येक चुंबकी पदार्थाचा एक हट्ट असतो. त्याला एकदा एका दिशेने चुंबकलं की तो ती दिशा सोडत नाही. बाहेरून पुरेसा जोर लावला तरच सोडतो. इंजिनिअर याला कोअर्सिव्हिटी म्हणतात, आपण हट्टच म्हणू. हवेमध्ये याचा आकडा गॉसशी थेट तोलता येतो. सव्वापाच इंची, ३६० केबीच्या फ्लॉपीचा हट्ट सुमारे ३०० गॉसचा. म्हणजे फ्रिजच्या साध्या चुंबकाने ती सहसा पूर्ण पुसली गेली नसती, पण स्पीकरच्या मागचं जाडजूड चुंबक तिच्यावर ठेवलं तर काम तमाम. जुन्या घंटीवाल्या फोनखाली फ्लॉपी ठेवू नका असंही सांगायचे, कारण घंटी वाजवणारा विद्युतचुंबक आतच असायचा. विसरू नये म्हणून ऑफिसमधल्या कुणीतरी फ्लॉपी चुंबकाने लोखंडी कपाटावर चिकटवून ठेवली, हा त्या काळातला चालताबोलता विनोद होता.

त्यात अंतराचा हिशेब धरा. छोट्या चुंबकाचा जोर अंतराने फार झपाट्याने पडतो. अंतर दुप्पट केलं की जोर साधारण आठवा हिस्सा उरतो. त्यामुळे फ्लॉपीच्या काळातसुद्धा स्क्रू ड्रायव्हरचं टोक फ्लॉपीच्या पट्टीला घासल्याशिवाय फार काही होणारं नव्हतं. पण डेटा एकाच फ्लॉपीवर, बॅकअप नाही, अशा वेळी कोण कशाला आकडेमोड करत बसेल? दूर ठेवा म्हणणंच शहाणपणाचं होतं.

आणि लोकांच्या डोळ्यांना दिसणारा पुरावा होता टीव्ही. काचेच्या जाड नळीचा रंगीत टीव्ही किंवा मॉनिटर, त्याच्याजवळ चुंबक नेलं की हिरवे-जांभळे डाग पडायचे. कारण आतून इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर येतो आणि चुंबक त्याला वळवतं. पडद्यामागची लोखंडी जाळीही चुंबकली जायची, मग चुंबक काढलं तरी डाग राहायचा. घरोघरच्या पोरांनी हा प्रयोग केलाय आणि मार खाल्लाय. डाग घालवायला मॉनिटरवर बटण असायचं, त्यावर लिहिलेलं असायचं डीगॉस. दाबलं की धप्प आवाज, चित्र थरथरायचं, डाग गायब.

हा डीगॉस शब्द दुसऱ्या महायुद्धातला आहे बरं का. जर्मनांनी समुद्रात असे सुरुंग टाकले, की वरून लोखंडी जहाज गेलं की त्याच्या चुंबकत्वाने फुटायचे. नोव्हेंबर १९३९ मध्ये इंग्लंडच्या शूबरीनेसच्या चिखलात असा एक सुरुंग न फुटता सापडला. जॉन ऑव्हरी नावाच्या नौदल अधिकाऱ्याने जिवावर उदार होऊन तो खोलला. आत काय आहे ते कळल्यावर इंग्रजांनी जहाजांभोवती तारांचे वेढे गुंडाळून वीज सोडली आणि त्यांचं चुंबकत्व मारलं. त्यालाच म्हणायचे डीगॉसिंग. ऑव्हरीने सुरुंग खोलताना वापरलेली हत्यारं पितळेची, चुंबकत्व नसलेली होती. इथे स्क्रू ड्रायव्हर चुंबकी असता तर डेटा नाही, माणूसच उडाला असता.

असो. परत हार्ड डिस्ककडे, कारण खरी मजा तिथे आहे.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, नवं चुंबक शोधलं. निओडिमियमचं. नखाएवढं पण जोर हजारो गॉसचा. आणि या चुंबकाचं एक मोठं गिऱ्हाईक कोण? हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या! डिस्कमध्ये वाचणारी सुई ज्या हातावर असते, तो हात सेकंदाच्या काही हजाराव्या भागात इकडून तिकडे न्यायला जोरदार चुंबक लागतं. म्हणून प्रत्येक हार्ड डिस्कच्या आतच निओडिमियमचे तुकडे असतात, डेटाच्या थाळीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर. पोलादी पट्ट्यांत अडकवलेले असतात, म्हणजे जोर बाहेर फारसा सांडत नाही.

म्हणजे बघा, तुमच्या हातातल्या स्क्रू ड्रायव्हरपेक्षा कितीतरी ताकदवान चुंबक डिस्कने स्वतःच पोटात बाळगलंय. त्यात डिस्कच्या थाळीचा हट्टही वाढत गेला. कारण डेटा जितका बारीक लिहायचा, तितका पदार्थ हट्टी लागतो, नाहीतर नुसत्या उष्णतेने बिट उलटतील. आजच्या डिस्कचा हट्ट काही हजार गॉसच्या घरात आहे. तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक म्हणजे डोंगराला धडक देणारी मुंगी.

आणि एसएसडी, पेन ड्राइव्ह, फोनची मेमरी? तिथे चुंबकाचा संबंधच नाही. १९८० च्या दशकात तोशिबात फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी शोधली. तिच्यात इलेक्ट्रॉन एका बंद कप्प्यात कोंडून ठेवलेले असतात. स्वस्थ बसलेल्या इलेक्ट्रॉनला स्थिर चुंबक ढकलू शकत नाही.

मग लॅपटॉप उघडताना खरा धोका कशाचा? स्क्रूचा. लॅपटॉपचे आणि फोनचे स्क्रू दिसायला सारखे, लांबीत एखाद-दोन मिलिमीटरचा फरक. आखूडच्या जागी लांब स्क्रू गेला की तो थेट बोर्डात घुसतो आणि आतले तांब्याचे थर तोडतो. एखादा स्क्रू निसटून आत राहिला आणि बॅटरी जोडलेली असली की शॉर्ट. म्हणून तर मेकॅनिक मुद्दाम चुंबकी टोक वापरतात. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत बघा, टेबलावर जुन्या स्पीकरचं गोल चुंबक पडलेलं असतं. त्यावर स्क्रू चिकटवून ठेवायचे आणि टोकाचा जोर कमी झाला की ड्रायव्हर त्यावरच घासायचा. सांगलीकर मित्रा, तू फक्त एवढं कर: आधी बंद कर, चार्जर काढ, उघडल्यावर पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर सोडव, आणि स्क्रू ज्या क्रमाने निघतील तसे कागदावर मांडून ठेव. बॅटरीखाली धातूचं काही खुपसू नकोस.

एक छोटी गंमत. लॅपटॉपचं झाकण बंद झालं हे त्याला एका चुंबकानेच कळतं. म्हणून काही वेळा एक लॅपटॉप दुसऱ्यावर ठेवला की खालचा अचानक झोपतो. बिघाड नाही तो.

आता ही जुनी समजूत उलट्या बाजूने कशी नडते ते सांगतो, आणि हे नीट ऐका. "ब्रेकिंग बॅड"च्या पाचव्या सीझनच्या पहिल्याच भागात ट्रकमध्ये भंगारवाल्याचं राक्षसी विद्युतचुंबक घालून पोलिसांच्या खोलीतला लॅपटॉप बाद करतात. ते बघून अनेकांना वाटतं, जुनी हार्ड डिस्क विकण्याआधी तिच्यावरून एक चुंबक फिरवलं की झालं. अजिबात नाही. तुमचे फोटो, आधारचं स्कॅन, बँकेची स्टेटमेंट, सगळं तसंच राहतं आणि भंगारात जातं. डिस्क खरोखर चुंबकाने पुसायची यंत्रं असतात, तीही डीगॉसरच. त्यांचा जोर दहा हजार गॉसच्या आसपास आणि त्याच्याही वर असतो. त्यातून निघालेली डिस्क पुन्हा वापरताच येत नाही, कारण कारखान्यात लिहिलेल्या खुणाही जातात. एसएसडीवर तर तेही यंत्र बिनकामाचं. घरच्या घरी करायचं तर हार्ड डिस्क पूर्ण ओव्हरराइट करा, किंवा खोलून थाळ्या फोडा. आतली चुंबकं जपून काढा, बोट चिमटतं, आणि लहान मुलांच्या हाती तर देऊच नका. अशी दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याला मधोमध पकडतात, ऑपरेशनची वेळ येते. एसएसडी असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं सिक्युअर इरेज वापरा. फोन विकताना अकाउंटमधून बाहेर पडून फॅक्टरी रीसेट. आजच्या बहुतेक फोनमध्ये डेटा कुलूपबंद असतो, रीसेटने किल्लीच नष्ट होते.

मुद्दाम पुसलेल्या टेपांची एक गोष्ट मनाला लागते. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, त्याचं थेट आलेलं मूळ, जास्त स्वच्छ चित्रण टेपांवर होतं. आपण जे बघतो ते टीव्हीसाठी रूपांतर केलेलं. पुढे नासाला टेपांची टंचाई पडली. २००९ मध्ये नासाने सांगितलं, त्या मूळ टेपा बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. कुणाचा स्क्रू ड्रायव्हर चुकून लागला नाही. रीतसर पुसल्या.

मग आज चुंबक कशापासून दूर ठेवायचं? फोनच्या होकायंत्रापासून. कव्हरला चुंबक असेल तर नकाशावरची दिशा भरकटते. हॉटेलच्या खोलीच्या काळ्या पट्टीवाल्या कार्डापासून. त्याचा हट्ट फ्लॉपीएवढाच, ३०० च्या आसपास. बँकेच्या कार्डाची पट्टी जास्त हट्टी असते, आणि रिझर्व्ह बँकेने २०१८ अखेरपर्यंत चिपची कार्डं सक्तीची केल्यापासून पट्टीवर सगळं अडून राहत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, माणसाच्या छातीपासून.

पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर बसवलेल्या माणसाच्या यंत्रात चुंबकाने चालणारं एक बटण मुद्दाम ठेवलेलं असतं. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर बाहेरून गोल चुंबक छातीवर ठेवतात. पेसमेकर मग हृदयाचं न ऐकता ठरावीक वेगाने ठोके द्यायला लागतो, आणि डिफिब्रिलेटर शॉक द्यायचं थांबवतो. चुंबक काढलं की यंत्र पुन्हा पूर्वीसारखं. १० गॉसपर्यंत या यंत्रांनी आपलं काम बदलू नये, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. त्यापुढे ते बटण दाबलं जाऊ शकतं. दहा! हार्ड डिस्कला हजारो लागतात, फ्लॉपीला तीनशे, आणि इथे दहा.

ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ आला, पाठीमागे चुंबकाची गोल कडी घेऊन. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या डॉक्टरांनी "हार्ट ऱ्हिदम" या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की हा फोन रुग्णाच्या छातीवर डिफिब्रिलेटरपाशी धरला तेव्हा त्याचं शॉक देण्याचं काम थांबलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने सांगितलं, धोका कमी आहे, पण फोन आणि स्मार्ट वॉच अशा यंत्रांपासून सहा इंच, म्हणजे साधारण पंधरा सेंटीमीटर दूर ठेवा. ॲपलही तेच सांगते, आणि वायरलेस चार्जिंग चालू असेल तर तीस सेंटीमीटर. चुंबकाची कडी आता स्वस्तातल्या कव्हरलाही असते, पॉवर बँकलाही, आणि इअरबडच्या डबीतही चुंबकं असतात.

घाबरायचं काहीच नाही, फोन वापरायलाही बंदी नाही. फक्त जागा बघा. पेसमेकर बहुतेक वेळा डाव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाखाली बसवतात. आणि आजोबांच्या शर्टाचा खिसाही डावीकडेच असतो. तेव्हा फोन पँटच्या खिशात, कानाला लावायचा तो उजव्या. आणि नातवाने हौसेने दिलेलं मॅग्नेटवालं कव्हर काढून साधं घाला.

चला, भेटू पुढच्या भागात. प्रश्न पाठवत राहा.